कागदावरचे सोने आणि फिल्मवरचे सोने: लेबल छपाईतील कोल्ड फॉइलच्या एका ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतील लेबल छापणाऱ्या कारखान्यात, गणपती आणि दिवाळी यांच्या मधल्या घाईच्या दिवसांत घडले. कारखान्याची आणि ग्राहकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत आणि आकडे ढोबळ केले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. मी त्या कारखान्यात बाहेरचा तांत्रिक सल्लागार म्हणून जात असे आणि बिघाड उघड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावण्यात आले.

ग्राहक आयुर्वेदिक तेले बनवणारा मध्यम आकाराचा उद्योग होता. त्याच्या २०० मिलीलिटरच्या अभ्यंग तेलाची बहुतेक विक्री दिवाळीच्या आधीच्या महिन्याभरात होते. बाटलीवरचे लेबल अनेक वर्षे चकचकीत क्रोमो कागदावर छापले जात होते आणि त्यावरची सोनेरी नक्षी वेगळ्या मशीनवर, तापवलेल्या पितळी ठशाने, म्हणजे हॉट फॉइल पद्धतीने उमटवली जात होती. तक्रार सोन्याबद्दल नव्हती, कागदाबद्दल होती. बाटलीच्या तोंडाशी ओघळलेले तेल कागदात मुरते, लेबलावर डाग पडतात, आणि न्हाणीघरात आठवडाभर राहिलेली बाटली जुनाट दिसू लागते. म्हणून ग्राहकाने त्या वर्षी कागद सोडून पांढऱ्या पॉलिप्रॉपिलीन फिल्मवर जायचे ठरवले.

फिल्मबरोबर सोन्याची पद्धतही बदलणे ओघानेच आले. कारखान्याकडे आठ रंगांची, ३३० मिमी रुंदीची यूव्ही फ्लेक्सो प्रेस (लवचिक प्लेटने छापणारी आणि अतिनील, म्हणजे यूव्ही, प्रकाशाने शाई सुकवणारी) होती आणि तिच्यावर रुळांवरून सरकवता येणारे कोल्ड फॉइलचे युनिट होते. छपाई, फॉइल, व्हार्निश आणि डाय कटिंग (लेबले आकारात कापणे) एकाच फेरीत होत असल्याने दुसऱ्या मशीनवरची फेरी वाचणार होती. कारखान्याने दोन वर्षे कोल्ड फॉइल वापरले होते, पण जवळजवळ सगळे कागदावर. ऑर्डर ४ लाख लेबलांची होती. एका लेबलाचा आकार १४९ × ६० मिमी होता; रोलाच्या रुंदीत पाच आणि प्लेटच्या सिलिंडरच्या ३०४.८ मिमीच्या एका फेऱ्यात दोन, अशी मांडणी केल्यावर एका मीटरला सुमारे ३२.८ लेबले पडत होती, म्हणजे एकूण छपाई सुमारे १२,२०० मीटरची होती.

कोल्ड फॉइलमध्ये नेमके काय घडते

पुढचे निर्णय समजण्यासाठी ही प्रक्रिया थोडी खोलात जाऊन पाहावी लागेल. फॉइलच्या रोलात सर्वांत बाहेर सुमारे १२ मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टर फिल्म असते. ती केवळ वाहक असते आणि शेवटी भंगारात जाते. तिच्या आत सुटून येण्यासाठीचा अतिशय पातळ थर, मग रंगीत लॅकर, मग निर्वातात बसवलेले ॲल्युमिनियम आणि त्याखाली ग्लूला धरून ठेवणारा थर असतो. ॲल्युमिनियमची जाडी मायक्रॉनच्या काही शतांशांइतकीच असते. ज्याला आपण सोने म्हणतो ते खरे तर पिवळ्या लॅकरआडून दिसणारे ॲल्युमिनियम असते, हे ग्राहकाला सांगितले की तो थोडा हिरमुसतो.

प्रेसवर एका फ्लेक्सो प्लेटने नक्षीच्या आकारात यूव्ही ग्लू छापला जातो. लगेच पुढे निप रोलरखाली फॉइल त्या ओल्या ग्लूवर दाबले जाते, फॉइलच्या वरून यूव्ही दिव्याचा प्रकाश पडतो, ग्लू सुकतो आणि वाहक फिल्म उचलली की ग्लू असेल तेवढ्याच जागी सोने मागे राहते. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, ग्लू सुकवणाऱ्या प्रकाशाला आधी ॲल्युमिनियममधून पार व्हावे लागते आणि दिव्याच्या ताकदीचा थोडाच हिस्सा ग्लूपर्यंत पोहोचतो. दोन, हॉट फॉइलमध्ये गरम ठसा पृष्ठभागाला दाबून गुळगुळीत करतो आणि नक्षीची कड किंचित खोल बसवतो. कोल्ड फॉइलमध्ये तसे करणारे काहीच नसते. सोने किती झळकेल हे ग्लूचा थर किती सपाट बसला यावर आणि त्याच्या खालच्या पृष्ठभागावर ठरते. म्हणूनच खरखरीत, लेप नसलेल्या कागदावर कोल्ड फॉइल निष्प्रभ दिसते आणि तिथे आजही हॉट फॉइलला तोड नाही.

लेबलाच्या गमाशी गल्लत होऊ नये म्हणून या लेखात फॉइलसाठीच्या चिकट द्रवाला कारखान्यातल्याप्रमाणे ग्लूच म्हटले आहे. बाटलीला चिकटणारा तो गम.

अडचण

छपाई सुरू झाली त्या आठवड्यात प्रेसचे दोन्ही जुने ऑपरेटर गणपतीसाठी कोकणात गेले होते. प्रेसवर बसलेला ऑपरेटर कामात चांगला होता, पण कोल्ड फॉइल त्याने मुख्यतः इतरांच्या हाताखाली केलेले होते. पहिले ७०० मीटर बरे निघाले. त्यानंतर स्टॉकचा, म्हणजे ज्यावर छापायचे त्या फिल्मचा, रोल बदलला आणि सोन्याच्या भरीव भागांत टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसू लागली. ऑपरेटरने जे केले ते त्या जागी दहांतल्या आठ जणांनी केले असते. ग्लू कमी पडतो आहे असे धरून त्याने प्रति चौरस मीटर ५ घन सेंटीमीटर क्षमतेचा ॲनिलॉक्स रोलर (प्लेटला मोजून ग्लू देणारा) काढला आणि ८ चा बसवला. छिद्रे कमी झाली. प्रेस मिनिटाला ६० मीटर वेगाने चालू राहिली.

शिफ्ट संपताना गुणवत्ता तपासणीत चार दोष नोंदवले गेले. छिद्रे कमी झाली असली तरी गेली नव्हती. 'अभ्यंग' या शब्दातल्या जोडाक्षराची पोकळी आणि अनुस्वाराभोवतीची मोकळी जागा सोन्याने भरून गेली होती, आणि नक्षीतल्या ०.१५ मिमीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. टेप लावून झटक्यात ओढल्यावर सोने तुकड्यातुकड्यांनी टेपवर येत होते. आणि लाल-तपकिरी पट्ट्यावर, जिथे ग्लू छापलेलाच नव्हता, तिथे सोनेरी कण विखुरलेले दिसत होते. तोवर ३,१०० मीटर, म्हणजे एक लाखाहून थोडी जास्त लेबले छापून झाली होती.

पाचवी तक्रार ग्राहकाकडून आली. नमुने पाहून त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याने फोनवर एकच वाक्य सांगितले, "सोनं गेल्या वर्षीपेक्षा फिकं दिसतंय." त्यांच्या हातात तुलनेसाठी गेल्या वर्षीचे, कागदावरचे, हॉट फॉइलचे लेबल होते. या वर्षीच्या कामासाठी मंजूर झालेला नमुनाही तोच होता. फिल्मवर कोल्ड फॉइल करून दाखवलेला एकही नमुना कोणीही मंजूर केलेला नव्हता, कारण तो छापलाच गेला नव्हता.

पहिला लॉट पाठवायला बारा दिवस उरले होते.

कारणांचा शोध

मी पोहोचल्यावर माझीही पहिली शंका फॉइलवरच गेली. सोने सुटते आहे, सोने फिके आहे, सोने नको तिथे चिकटते आहे. बोट फॉइलकडे जाणे स्वाभाविक होते. आम्ही दुसऱ्या पुरवठादाराकडून त्याच प्रकारचे फॉइल मागवले आणि ते येऊन लावून पाहीपर्यंत एक पूर्ण दिवस गेला. निकाल तोच आला. हा दिवस वाचवता आला असता. ज्या ७०० मीटरमध्ये काम बरे झाले होते, ते त्याच फॉइलच्या रोलावर झाले होते, ही नोंद प्रेसच्या वहीत आधीपासून होती. आम्ही ती वाचली नव्हती.

ती नोंद वाचल्यावर प्रश्नच बदलला. फॉइल तेच होते. बदलला होता तो स्टॉकचा रोल. लॉट नंबर तपासल्यावर कळले की पहिला रोल नव्या मालातला होता आणि पुढचे रोल वर्षभर गोदामात पडलेले होते. फिल्मच्या पृष्ठभागावर ग्लू किंवा शाई पसरण्यासाठी पृष्ठताण पुरेसा लागतो. तो वाढवण्यासाठी फिल्मवर कोरोना प्रक्रिया, म्हणजे उच्च दाबाच्या विजेचा मारा, केलेली असते आणि तिचा परिणाम काळाबरोबर उतरत जातो. (छपाईवाल्यांचा हा कोरोना साथीच्या कितीतरी आधीचा आहे.) डाइन पेनने (ठराविक पृष्ठताणाची शाई असलेल्या तपासणीच्या पेनने; आकडा जितका मोठा तितका पृष्ठताण जास्त) रेघ ओढली तेव्हा नव्या रोलावर ४० ची रेघ अखंड राहिली, तर जुन्या रोलांवर कडेला ३६ आणि मधोमध ३४ च्या वर रेघ टिकेना, शाई थेंबाथेंबांत आकसत होती. ग्लूही तसाच आकसत होता आणि आकसलेल्या जागी छिद्र राहत होते. प्रेसवर स्वतःचा कोरोना ट्रीटर होता, पण त्याचा ओझोन बाहेर फेकणारा पंखा जळाल्यामुळे तो दोन महिन्यांपासून बंद होता. कागदाच्या कामांना त्याची गरज नसल्याने कोणाला तो आठवला नाही.

म्हणजे छिद्रे ग्लू कमी असल्याची नव्हती, ग्लू न पसरल्याची होती. इथे मोठा ॲनिलॉक्स लावण्याचा निर्णय उलटा फिरला. कागद थोडा ग्लू शोषून घेतो, फिल्म काहीच शोषत नाही. जादा ग्लू निप रोलरखाली दाबला जाऊन रेषेच्या बाहेर सरकला आणि अक्षरांच्या पोकळ्या भरल्या. थर जाड झाल्यामुळे आधीच फॉइलमधून गाळून येणारा प्रकाश तळापर्यंत पुरला नाही, म्हणून टेपवर सोने निघाले. एका दोषावरचा उपाय दुसऱ्या दोन दोषांचे कारण ठरला. पहिल्या दोषाचे कारण शोधण्याआधी त्याची तीव्रता कमी झाली, यातच सगळी फसगत होती. छिद्रे कमी झाली नसती तर ऑपरेटरने प्रेस थांबवली असती.

फॉइल युनिटच्या यूव्ही दिव्याचा तासांचा मीटर १,९०० दाखवत होता. कारखान्याची स्वतःची बदलण्याची मर्यादा १,००० तासांची होती. परावर्तकावर धुरकट थर बसला होता. रंगांसाठी हा दिवा चालून गेला असता, फॉइलआडून ग्लू सुकवण्यासाठी तो पुरेसा नव्हता.

सोनेरी कणांचा उलगडा सर्वांत शेवटी झाला. छपाईचा क्रम आधी रंग, मग फॉइल असा होता, कारण कागदावर नेहमी तसेच करत असत. गडद लाल-तपकिरी शाईचा थर ६० मीटरच्या वेगाला पूर्ण सुकत नव्हता. अर्धवट सुकलेली शाई ग्लूसारखीच वागते. तिच्यावर फॉइल दाबले की ती मिळेल तिथे सोने पकडते. शिवाय त्या शाईत घर्षण कमी करणारे मेण होते आणि त्यावर छापलेला ग्लू नीट बसत नव्हता.

समोरचे पर्याय

आम्ही कारखान्याचे मालक, प्रेसचा ऑपरेटर आणि ग्राहकाचा प्रतिनिधी यांच्यासोबत पाच पर्याय मांडले.

वेग मिनिटाला २५ मीटरवर आणून आहे त्या मांडणीत काम पुढे रेटणे हा सर्वांत सोपा पर्याय होता आणि मालकांचा कल सुरुवातीला त्याकडेच होता. वेग कमी केल्याने शाई आणि ग्लू जास्त सुकले असते, पण छिद्रे आणि भरलेली अक्षरे तशीच राहिली असती.

पुन्हा हॉट फॉइलकडे जाणे ग्राहकाला आवडले असते, कारण त्यांना हवे ते सोने त्यातच होते. परंतु ताणून बनवलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म उष्णतेने आकसते. कमी तापमानाला सुटणारी फॉइल मिळतात, तरीही दुसऱ्या फेरीत रजिस्टर धरणे (ठसा छपाईवर अचूक जुळवणे), नवे ठसे बनवणे आणि ठशाच्या दाबाने लायनरवर (लेबल ज्यावरून सुटते त्या आधारपट्टीवर) खूण उमटली तर ग्राहकाच्या लेबल लावणाऱ्या मशीनवर रोल तुटण्याचा धोका, हे सगळे बारा दिवसांत पेलणे शक्य नव्हते.

फॉइल काढून टाकून सोनेरी मेटॅलिक शाई वापरणे सर्वांत स्वस्त होते. तिची चमक मात्र आरशासारखी नसते. धातूचे बारीक कण प्रकाश विखुरतात आणि रंग मळकट सोन्याकडे झुकतो. दिवाळीच्या शेल्फवर ते उतरले नसते. ग्राहकाने हा पर्याय ऐकताक्षणी नाकारला आणि मला वाटते तो बरोबर होता.

चौथा पर्याय मला स्वतःला तांत्रिकदृष्ट्या सर्वांत आवडत होता: पूर्ण धातुलेपित फिल्म घ्यायची, जिथे सोने नको तिथे घट्ट पांढरी शाई छापायची आणि सोन्याच्या जागी पारदर्शक पिवळी. यात ग्लू नाही, वाहक फिल्मचा कचरा नाही, आणि झळाळी उत्तम. पण नवा स्टॉक यायला पंधरा दिवस लागणार होते, आणि पांढऱ्या शाईचा एकच थर धातूवर किंचित करडा दिसतो, त्यामुळे लेबलाचा मलईसारखा रंग बिघडला असता. वेळेअभावी तो मागे पडला.

पाचवा पर्याय कोल्ड फॉइलच ठेवून कारणे एकेक करून दुरुस्त करण्याचा होता. त्यात दोन नव्या प्लेट, नवा दिवा आणि दोन-तीन दिवसांची प्रेस बंदी लागणार होती, आणि ग्राहकाला आर्टवर्कमध्ये काही बदल मान्य करावे लागणार होते.

निर्णय आणि कृती

पाचवा पर्याय निवडला गेला, पण एका अटीवर. ग्राहकाने सांगितले की पहिल्या लॉटसाठी दीड लाख लेबले वेळेत मिळाली तर उरलेली आठ दिवस उशिरा चालतील. ही सवलत आधी कोणी मागितलीच नव्हती. सगळे जण ४ लाख हा एकच आकडा धरून घाबरले होते.

सर्वप्रथम ओझोनचा पंखा बदलून कोरोना ट्रीटर सुरू केला. जुन्या रोलांवर पृष्ठताण ४० ते ४२ पर्यंत आला. तरीही प्रत्येक रोल चढवताना तीन ठिकाणी, दोन्ही कडांना आणि मध्ये, डाइन पेनने तपासून वहीत नोंद करायची असे ठरले. त्यानंतर ॲनिलॉक्स पुन्हा ५ चा बसवला. छिद्रे नाहीशी झाली. एवढ्या एका प्रयोगाने कारणांबद्दलचा वाद मिटला, कारण कमी ग्लूवर जास्त सोने उमटले होते.

फॉइलचे युनिट रुळांवरून सरकवून रंगांच्या आधी, दुसऱ्या स्थानकानंतर आणले. आता सोने थेट फिल्मवर बसत होते आणि लाल-तपकिरी पट्टा नंतर येत होता. त्यासाठी त्या रंगाच्या प्लेटमध्ये सोन्याच्या जागा मोकळ्या सोडून कडेला ०.१५ मिमीचा रंग सोन्यावर चढेल अशी नवी प्लेट बनवावी लागली. शाई सोन्यावर चढणार म्हणजे त्यावर ती टिकली पाहिजे. सगळ्याच फॉइलवर यूव्ही शाई टिकत नाही. पुरवठादाराकडून वर छपाई करता येणाऱ्या प्रकारचे फॉइल मागवले आणि त्याच्या चाचण्या झाल्याशिवाय मुख्य छपाई सुरू करायची नाही, असा आग्रह मी धरला. मालकांना त्या दिवशी तो फारसा रुचला नाही.

दिवा बदलून आणि परावर्तक पुसून झाल्यावर वेगाची शिडी लावली: त्याच मांडणीत ३०, ४०, ५० आणि ६० मीटरला प्रत्येकी शंभर मीटर छापले आणि टेप टेस्ट लगेच व पुन्हा २४ तासांनी केली. ५० मीटरला बारीक रेषांच्या टोकांचे सोने निघत होते, ४० ला काहीच निघत नव्हते. वेग ४० ठरला. तेलाची बाटली असल्याने आणखी एक चाचणी जोडली. व्हार्निश लावलेल्या लेबलावर तिळाचे तेल चोळून ते रात्रभर ठेवायचे आणि सकाळी पुसून पुन्हा टेप लावायची. पहिल्या प्रयत्नात डाय कटिंगच्या कडेपर्यंत गेलेल्या नक्षीचे सोने किंचित सुटले, कारण कापलेल्या कडेवर व्हार्निशचे संरक्षण नसते. नक्षी कडेपासून १ मिमी आत घेतली आणि चाचणी पार पडली.

आर्टवर्कमध्ये ग्राहकाने तीन बदल मान्य केले. ०.१५ मिमीच्या रेषा ०.२५ मिमी झाल्या, जोडाक्षरांच्या पोकळ्या थोड्या मोठ्या केल्या, आणि '२०० मि.ली.' हा मजकूर सोन्यातून काढून गडद शाईत घेतला. हा शेवटचा बदल खरे तर आम्हाला ऐनवेळी सुचला. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार निव्वळ प्रमाण आणि किमतीचे आकडे पार्श्वभूमीहून स्पष्ट उठून दिसणाऱ्या रंगात असावे लागतात. मलई रंगावरचे सोने एका कोनातून चमकते आणि दुसऱ्या कोनातून अदृश्य होते. कागदावरच्या जुन्या लेबलात ते तसेच चालत आले होते आणि कोणी हरकत घेतली नव्हती, एवढेच. बॅच आणि किंमत ग्राहक स्वतः इंकजेटने छापत असल्याने तेवढ्या चौकटीत व्हार्निश न लावता मोकळी जागा सोडली.

चौथा बदल ग्राहकाने नाकारला. लेबलाच्या वर आणि खाली सोन्याची किनार होती व मध्ये दिव्याचे चित्र. त्यामुळे फॉइल पूर्ण ३१५ मिमी रुंदीत धावत होते, म्हणजे सगळ्या ऑर्डरला सुमारे ३,८०० चौरस मीटर, आणि त्यातले बहुतेक सोने वाहक फिल्मबरोबर भंगारात जात होते. किनारी शाईत घेऊन सोने फक्त मधल्या २५ मिमीच्या पट्ट्यात ठेवले असते, तर पाच अरुंद रोल एका शाफ्टवर लावून तेच काम सुमारे १,५०० चौरस मीटरमध्ये झाले असते. पण जाहिरातींची छायाचित्रे किनारीसह काढून झाली होती. त्या वर्षापुरता हा मुद्दा सोडून दिला.

फिकेपणाच्या तक्रारीवर तांत्रिक उपाय थोडाच होता. नव्या मांडणीत सोने थेट गुळगुळीत फिल्मवर बसल्याने झळाळी वाढली, पण हॉट फॉइलची ती दबलेली, धारदार कड आली नाही आणि येणारही नव्हती. आम्ही तीन नमुने एका कार्डावर लावले: कमीत कमी चालेल असा, अपेक्षित असा, आणि जास्तीत जास्त मिळू शकेल असा. ग्राहकाच्या प्रतिनिधीने ते कार्ड दिवसाच्या उजेडात आणि दुकानातल्या दिव्याखाली, दोन्हीकडे पाहिले आणि सही केली. गेल्या वर्षीचे कागदी लेबल त्या टेबलावरून मुद्दाम उचलून ठेवले होते. हे प्रामाणिक होते का, असा प्रश्न मला नंतर पडला. माझ्या मते ते कार्डाशेजारी ठेवून फरक तोंडाने सांगायला हवा होता.

निष्पत्ती

पहिला दीड लाखांचा लॉट ठरलेल्या दिवशी गेला, उरलेला सहा दिवसांनी. आधी छापलेल्या ३,१०० मीटरपैकी पहिले ७०० मीटर, म्हणजे सुमारे २३ हजार लेबले, ग्राहकाने जुन्या मजकुरासह नमुना बाटल्यांसाठी घेतली. उरलेली सुमारे ७९ हजार लेबले नष्ट करावी लागली. त्या खर्चाचा वाद महिनाभर चालला. कारखान्याचे म्हणणे होते की आर्टवर्क फिल्मसाठी योग्य नव्हते. ग्राहकाचे म्हणणे होते की ते योग्य नाही हे सांगणे कारखान्याचे काम होते. शेवटी कारखान्याने छपाईचा खर्च सोसला आणि ग्राहकाने स्टॉकच्या खर्चातला काही भाग दिला. मला ग्राहकाची बाजू जास्त बरोबर वाटते. त्यांनी एक वस्तू मागितली होती. ती कोणत्या पद्धतीने होईल आणि त्या पद्धतीला काय झेपत नाही, हे छापणाऱ्यालाच ठाऊक असते.

बाजारातून सोने सुटल्याची तक्रार आली नाही. तेलाचे डाग पडायचे थांबले, म्हणजे मूळ हेतू साधला. वेग ६० ऐवजी ४० राहिल्याने प्रेसचा वेळ दीडपट लागला आणि त्या ऑर्डरवर कारखान्याला जवळजवळ काहीच उरले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णायक क्षण छपाईच्या कितीतरी आधीचा होता. कागदावरचा हॉट फॉइल नमुना फिल्मवरच्या कोल्ड फॉइलसाठी मंजूर धरला गेला, तिथेच दोन्ही बाजूंच्या डोक्यात दोन वेगळी लेबले तयार झाली. खऱ्या स्टॉकवर, खऱ्या फॉइलने, दोनशे मीटरची चाचणी घेतली असती तर भरलेली अक्षरे, कडेचे सोने आणि फिकेपणा तिथेच दिसले असते. त्या चाचणीला अर्धी शिफ्ट लागली असती आणि तिचे पैसे कोण देणार यावर घासाघीस झाली असती, म्हणून ती कोणी सुचवली नाही.

दुसरा क्षण ॲनिलॉक्स बदलण्याचा. ऑपरेटरला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्याजवळ डाइन पेन नव्हते. ते गुणवत्ता विभागाच्या कपाटात कुलपात होते. प्रेसवर दोष दिसला की आधी काय बदलले ते पाहायचे, मग काय बदलायचे ते ठरवायचे, अशी एक ओळ आता त्या कारखान्यात फॉइल युनिटवर चिकटवलेली आहे आणि पेन तिथेच दोरीला बांधलेले आहे. जुने ऑपरेटर सुटीवर जाताना बंद ट्रीटरची गोष्ट कागदावर लिहून गेले असते तर इतक्या पुढे काही जाण्याचे कारण नव्हते. तेही स्वाभाविक आहे म्हणा. दोन महिने बंद असलेली वस्तू बिघडलेली वाटत नाही, नसलेली वाटते.

तिसरा क्षण माझा. फॉइल बदलून पाहण्यात गेलेला दिवस ही माझी चूक होती, आणि ती का झाली हे मला माहीत आहे: दोष सोन्यात दिसत होता म्हणून मी सोन्याकडे पाहिले, त्याच्या खालच्या दोन थरांकडे नाही.

धातुलेपित फिल्मचा पर्याय वेळेअभावी सोडला, पण तो पुढच्या वर्षासाठी तरी तपासायला हवा होता. इतक्या मोठ्या ऑर्डरमध्ये, सोने लेबलभर पसरलेले असताना, वाहक फिल्मचा एवढा कचरा करणारी पद्धत निवडणे हिशेबात बसते का, हा प्रश्न कोणी आकडे मांडून विचारला नाही. वापरलेल्या फॉइलचे रोल कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये बरेच दिवस पडून होते; पॉलिएस्टरवर अर्धवट ॲल्युमिनियम आणि लॅकर चिकटलेले असल्याने नेहमीच्या भंगारवाल्याने ते घ्यायला नकार दिला होता.

पुढच्या वर्षीचे आर्टवर्क जानेवारीतच आले. किनारी शाईत घेतल्या होत्या, सोने मधल्या २५ मिमीच्या पट्ट्यात आणले होते, रेषा ठरल्याप्रमाणे जाड होत्या. फक्त जागा पुरावी म्हणून डिझायनरने बारकोड सरकवून त्याच पट्ट्यात, दिव्याच्या सोनेरी प्रभावळीवर ठेवला होता. चमकत्या सोन्यावर स्कॅनरला काळ्या रेघा आणि मोकळी जागा वेगळी ओळखता येत नाही. कारखान्याने बारकोडभोवती लाल चौकट काढून, तो पांढऱ्या जागेवर हलवण्याची सूचना लिहून, आर्टवर्क त्याच दिवशी परत पाठवले आणि सोबत फिल्मवर दोनशे मीटरच्या चाचणीचे कोटेशन जोडले.